आई-बाबांसोबत क्रूझ: बाल्कनी घ्यावी की इनसाइड केबिन?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बडोद्याहून तुम्ही नवरा-बायको आणि सत्तरीचे आई-बाबा सिंगापूरहून पेनांगकडे जाणाऱ्या चार रात्रींच्या क्रूझला निघालाय. एजंट म्हणतोय, चौघांत मिळून एक बाल्कनी केबिन घ्या, नाहीतर दोन इनसाइड, म्हणजे आतल्या बिनखिडकीच्या केबिन घ्या. काय घ्यावं?

माझं मत विचाराल तर दोन्ही नको. आई-बाबांना बाल्कनी, निदान खिडकीची केबिन द्या, आणि तुम्ही दोघं त्याच मजल्यावर, जमलं तर पॅसेजच्या पलीकडे अगदी समोर, इनसाइड घ्या. समोरासमोर अशा केबिन बऱ्याच बोटींवर मिळतात, कारण बाहेरच्या ओळीत बाल्कनी आणि आतल्या ओळीत इनसाइड असते, मधे फक्त पॅसेज. दिवसभर चौघांनी बाल्कनीत बसायचं, झोपायला आपापल्या खोलीत जायचं.

असं का म्हणतोय ते सांगतो. मी बडोद्यातच, दांडिया बाजारात राहतो. आई-बाबांना घेऊन आम्ही दोनदा क्रूझ केली. पहिल्या वेळी पैसे वाचवायला दोन इनसाइड घेतल्या. इनसाइड म्हणजे बोटीच्या पोटातली खोली, साधारण दीडशे चौरस फुटांची, खिडकीशिवाय. दिवा मालवला की डोळ्यासमोर धरलेला हात दिसत नाही. घरी आईला दूधवाल्याच्या सायकलवरून आणि देवळातल्या घंटेवरून वेळ कळते. दुसऱ्या रात्री तिला जाग आली, पहाट झाली असं वाटलं. तिने अंघोळ केली, साडी बदलली, वेणी घातली आणि बाबांची झोपमोड नको म्हणून पलंगाच्या कडेवर अंधारात बसून राहिली. बाबांना जाग आली आणि त्यांनी घड्याळ पाहिलं, तेव्हा पावणेदोन वाजले होते. सकाळी मला म्हणाली, "कोंडल्यासारखं झालं रे." एवढंच. पुढच्या रात्रीपासून आम्ही बाथरूमचा दिवा चालू ठेवून दार किलकिलं ठेवलं. इनसाइड घेणाऱ्या प्रत्येकाने हे करावं, पण खिडकीची सर त्याला येत नाही.

तुम्ही दोघं मात्र इनसाइडमध्ये मजेत राहाल. तरुण माणूस रात्री बारा-एकला खोलीत येतो आणि गाढ झोपतो. त्या अंधारात झोप तर फारच छान लागते.

एका केबिनमध्ये चौघं म्हणजे काय, हे एजंटने तुम्हाला दाखवलंय का? खाली दोन पलंग, आणि उरलेल्या दोघांसाठी सोफा उघडायचा किंवा भिंतीतून नाहीतर छतातून खाली ओढायचा बर्थ. त्यावर शिडीने चढायचं. बाथरूम एकच, शॉवरच्या जागी माणूस जेमतेम वळतो. रात्री दोन-तीनदा उठणाऱ्या बाबांना सोफ्यावरच्या माणसाला ओलांडून जावं लागेल. भाडं माणशी असतं, तिसऱ्या-चौथ्या माणसाला बहुधा कमी लागतं, म्हणून कागदावर ते स्वस्त दिसतं. शाळकरी मुलांसाठी हे चालतं. आई-बाबांसाठी नाही.

आता जे एजंट सहसा सांगत नाहीत ते. केबिनचा वर्ग ठरवण्याइतकंच तिची जागा ठरवणं महत्त्वाचं. आपण बडोद्याहून रात्रीच्या गाडीने मुंबईला जातो तेव्हा डब्याच्या मधला बर्थ मागतो, कारण टोकाचे बर्थ चाकांवर येतात, हिसके बसतात, शिवाय संडासाचं दार रात्रभर आपटतं. बोटीचंही तसंच आहे. लाटेवर बोट पुढून वर जाते, मागून खाली येते, सी-सॉच्या फळीसारखी. टोकाला हेलकावा जास्त, मधे कमी. वरच्या मजल्यांवर एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर डोलणंही जास्त जाणवतं. ते डोलणं कमी करायला बोटीला पाण्याखाली माशाच्या पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात, पण पुढे-मागे होणाऱ्या हेलकाव्यावर त्यांचा फारसा इलाज चालत नाही. म्हणून मधला भाग आणि खालचा किंवा मधला मजला मागा. लिफ्टही बहुधा जवळ पडते, गुडघे दुखणाऱ्यांना ते बरं. अगदी लिफ्टसमोरची केबिन मात्र नको, रात्रभर माणसं बोलत उभी असतात.

तुमच्या मार्गावर आणखी एक सोय आहे. मलाक्काची सामुद्रधुनी दोन्हीकडून जमिनीने वेढलेली आहे, पाणी सहसा शांत असतं. मोकळ्या अरबी समुद्रातल्या सफरीइतकी मळमळीची धास्ती इथे नको. बोटीचा आकारही बघा. 1990 मध्ये बांधलेली एम्प्रेस नावाची बोट साधारण 211 मीटर लांब आहे, 2016 ची जेन्टिंग ड्रीम ही बोट 335 मीटर. लांब बोट लाटेला कमी दाद देते. जुन्या बोटींवर बाल्कन्याही मोजक्याच असतात, बहुतेक महागड्या स्वीटना, म्हणजे मोठ्या आलिशान केबिनना. तिथे ओशन व्ह्यू म्हणजे न उघडणाऱ्या काचेची खिडकी हाच मधला मार्ग, आणि तो काही वाईट नाही. उजेड मिळतो, क्षितिज दिसतं, आणि मळमळत असताना क्षितिजाकडे बघितलं की खरंच बरं वाटतं. 2014 पासून आलेल्या, रॉयल कॅरिबियन कंपनीच्या क्वांटम वर्गाच्या बोटींवर इनसाइड केबिनमध्येही छतापासून जमिनीपर्यंत पडदा असतो आणि त्यावर बाहेरचा समुद्र थेट दिसतो. तुमची बोट त्या वर्गातली निघाली तर तुमच्यासाठी तीच घ्या.

बुकिंगआधी डेक प्लॅन, म्हणजे बोटीच्या मजल्यांचा नकाशा, उघडा. तुमच्या केबिनच्या वर काय आहे आणि खाली काय आहे, ते बघा. वर आणि खाली दोन्हीकडे केबिनच असतील तर डोळे मिटून घ्या. वर पूल किंवा बुफे असेल तर सोडून द्या. पहिल्या सफरीत आमच्या दोघांच्या डोक्यावर पूलचा मजला होता. पहाटे पाचला वरच्या आरामखुर्च्या ओढून लावायला सुरुवात व्हायची, कर्रर्र, कर्रर्र, ओळीने एकेक. तक्रार केली, पण बोट भरलेली होती, खोली बदलून मिळाली नाही. खाली थिएटर किंवा डिस्को असेल तर उलट त्रास, रात्री ढोल ऐकू येतो. नकाशावर जी जागा कोरी पांढरी दिसते तिथे स्वयंपाकघर नाहीतर सामानाची ने-आण असू शकते, तिच्याही शेजारी नको. आणि दोन खोल्यांना जोडणारं दार असलेली केबिन फक्त दोन्ही खोल्या आपल्याच असतील तर घ्या, शेजाऱ्याचं खोकणंसुद्धा ऐकू येतं.

खिडकीची केबिन घेताना समोर लाइफबोट टांगलेली नाही ना, ते विचारा. तशी खिडकी "ऑब्स्ट्रक्टेड" म्हणून स्वस्त विकतात. उजेड येतो, पण समुद्राऐवजी लाइफबोटीचं पोट दिसतं. काही मोठ्या बोटींवर बाल्कनी आतल्या चौकाकडे तोंड करून असते, तिथून समुद्र दिसत नाही, तेही बघून घ्या.

बाजू कोणती घ्यावी? सिंगापूरहून बोट वायव्येकडे निघते, म्हणजे जाताना सूर्योदय उजव्या हाताला, परतताना डाव्या. आम्ही दुसऱ्यांदा गेलो तेव्हा आईला उजवी बाजू मुद्दाम मागून घेतली. उजाडायच्या आधी शाल घेऊन ती बाल्कनीत जाऊन बसायची. अर्घ्य द्यायचं होतं तिला, पण बोटीवरून समुद्रात काहीही टाकायला सक्त मनाई असते. मग नुसते हात जोडून उभी राहायची, आणि खाली कोळ्यांच्या होड्यांचे दिवे एकेक करून विझत जायचे. ते बघताना मला बाल्कनीचा एकेक रुपया वसूल झाल्यासारखं वाटलं. तुमच्या आई देवाचं करत असतील तर आधीच सांगून ठेवा, उदबत्ती, निरांजन, मेणबत्ती काही लावता येत नाही. बॅग तपासतात आणि काढून ठेवतात. चहाची इलेक्ट्रिक किटलीही बहुतेक बोटींवर चालत नाही.

बाबांसाठी दोन गोष्टी बघा. बाथरूमच्या आणि बाल्कनीच्या दाराला बहुतेक ठिकाणी उंबरा असतो, पहिल्याच दिवशी तो त्यांना हाताने दाखवा. शॉवरमध्ये धरायला दांडी आहे का, ते आधी विचारा. इन्सुलिन घेत असतील तर केबिनमध्ये फ्रिज आहे की नाही हेही. संडासात जेट बहुधा नसतो, एक प्लॅस्टिकचा मग सामानात टाका.

राहिलं पैशांचं. एजंट स्वस्तातली "गॅरंटी" केबिन पुढे करेल. त्यात वर्ग पक्का मिळतो, पण नंबर कंपनी नंतर देते, आणि तो अगदी टोकाचा किंवा पूलखालचा असू शकतो. तुमच्या इनसाइडसाठी ती घेतलीत तर चालेल, समोरासमोरचा हट्ट तेवढा सोडावा लागेल. आई-बाबांची केबिन मात्र नंबर हातात आल्याशिवाय घेऊ नका, आणि तो नंबर डेक प्लॅनवर स्वतः शोधून वर-खाली बघितल्यावरच पैसे भरा.