रीटचिंगचं टेबल : ब्रश तोच, गोल वेगळा

प्रश्न : ताई, नमस्कार. मी सातपूरला एका स्टुडिओत अठरा वर्षं अल्बमचं काम करतोय. आमच्या जुन्या कॉम्प्युटरवर फोटोशॉप ७ होतं. तो दिवाळीत कायमचा बंद पडला. मालकांनी नवं मशीन, मोठा फोर-के मॉनिटर आणि नवं फोटोशॉप आणलं, आणि तेव्हापासून माझा ब्रश मला ओळख देईना. नवरीच्या मागचं बॅकग्राउंड काढताना ब्रशचा गोल, म्हणजे पडद्यावर त्याच्याभोवती दिसणारी वर्तुळाची रेघ, केसांच्या कडेला टेकवून फिरवला की पूर्वी साफ निघायचं. आता मागच्या मांडवाची बारीक पट्टी राहतेच. गोदाघाटावरच्या प्री-वेडिंग फोटोंत तर दगडी पायऱ्यांवर गोल दिसतच नाही, शोधत बसावं लागतं. मालकांचा मुलगा म्हणतो, ‘काका, सवय करा.’ पंचेचाळिशीला आलो, आता कशाकशाची सवय करायची?
– एक वाचक, सातपूर, नाशिक

उत्तर : दादा, सवय तुमच्या हाताला आहेच, आणि सध्या तीच आडवी येतेय. मालकांच्या मुलाला सांगा, काकांचा हात बरोबर आहे, मशीनचं सेटिंग तपास.

तुमच्या फोटोशॉप ७ मध्ये, म्हणजे २००२ सालच्या त्या जुन्या आवृत्तीत, ब्रशच्या कर्सरसाठी तीनच पर्याय होते : स्टँडर्ड, प्रिसाइज आणि ब्रश साइज. तुम्ही अठरा वर्षं ब्रश साइजवर काम केलंत. पुढे या एकाचे दोन झाले : नॉर्मल ब्रश टिप आणि फुल साइज ब्रश टिप. हे दोन वाचून वाटतं, एकात छोटा ब्रश मिळेल नि दुसऱ्यात मोठा. तसं काही नाही. ब्रश तेवढाच राहतो, फक्त त्याच्याभोवतीचा गोल कुठे काढायचा ते बदलतं. मऊ ब्रशचा रंग मधे गडद असतो आणि कडेकडे विरत जातो. नॉर्मलमध्ये गोल काढतात तो हा रंग साधारण निम्मा उतरतो त्या जागी. फुल साइजमध्ये काढतात तो रंग जवळजवळ संपतो तिथे.

आता तुमची पट्टी बघा. जुनं ब्रश साइज म्हणजेच आजचं नॉर्मल, म्हणून तुमचा हात निम्म्या जोराच्या रेषेवर तयार झालाय. ती रेषा केसांना टेकवायची हे त्याला डोळे मिटून येतं. नव्या मशीनवर मात्र कोणीतरी फुल साइज लावून ठेवलंय असं तुमच्या पत्रावरून दिसतं. तुम्ही जुन्याच भरवशावर गोल केसांना टेकवता, पण आता त्या गोलाच्या कडेला रंग नावालाच उरलेला असतो. म्हणून मांडव पुसला जात नाही. पट्टी दिसली की तुम्ही दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा ब्रश फिरवत असणार. कडेचा तो फिका रंग हात फिरेल तसा साठत जातो, आणि मग पट्टीसोबत चार केसही जातात.

खात्री करायची तर पाच मिनिटांचं काम आहे. पांढरी कोरी फाइल उघडा. गोल मऊ ब्रश घ्या, साइज १००, हार्डनेस (कडेचा कडकपणा) शून्य, रंग काळा. एकदाच क्लिक करा आणि माऊस न हलवता बघा. काळा रंग गोलाबाहेर सांडलेला दिसला तर नॉर्मल लागलंय. सगळा गोलात मावला तर फुल साइज. कंट्रोल आणि के दाबून प्रेफरन्सेस उघडा, कर्सर्समध्ये जा, पर्याय बदला आणि पुन्हा एक ठिपका द्या. दोन ठिपके शेजारी शेजारी आले की मी इथे लिहिलेलं सगळं विसरलात तरी चालेल.

माझं मत विचाराल तर तुम्ही नॉर्मलवर परत जा. नव्या मुलांना मी फुल साइज शिकवते, कारण त्यांच्या हाताला अजून कसलीच सवय नसते आणि ‘गोलाबाहेर काही जात नाही’ हे समजायला सोपं असतं. अठरा वर्षांचा हात मोडून पुन्हा घडवण्यात मला काही अर्थ दिसत नाही. एका कामाला मात्र फुल साइजच घ्या : पैठणीच्या काठाजवळचा डाग काढताना. हे मी पदरमोड करून शिकलेय. येवल्याची पैठणी होती, नवरीच्या आईची. काठाला लागून कुंकवाचा एक शिंतोडा उडाला होता. मी नॉर्मलवर, मऊ ब्रशनं, गोल काठाच्या बाहेर ठेवून तो काढला. माझ्या मते काठाला धक्का लागला नव्हता. अल्बम छापून गेला आणि आठवड्यानं त्या बाई दुकानात आल्या. चष्मा न लावता त्यांनी पानावर बोट ठेवलं : ‘इथला नारळी काठ पुसट का झालाय?’ गोल बाहेर होता, रंग आत गेला होता. ते पान मी माझ्या खर्चानं पुन्हा छापून दिलं.

माझे सासरे, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, रविवार कारंजाजवळच्या आमच्या स्टुडिओत ब्लॅक अँड व्हाइट प्रिंटवरचे पांढरे ठिपके हातानं भरायचे. शून्य नंबरचा ब्रश, चिनी मातीच्या बशीत वाळलेला काळा रंग. ओठांत धरून ब्रशला टोक आणायचे आणि टिपकागदावर एकदा टेकवून बघायचे. टोक जिथे, रंग तिथे. ब्रश किती ओला आहे ते बोटांना कळायचं. पडद्यावरच्या गोलातून ब्रश केवढा ते कळतं, किती ओला ते कळत नाही. हार्डनेस, ओपॅसिटी (रंगाचा दाटपणा), फ्लो (रंग किती भरभर उतरतो ते) यांतलं काहीही बदला, गोल तुम्हाला त्यातलं फारसं सांगणार नाही.

त्यातल्या त्यात हार्डनेस बघायची एक सोय आहे आणि ती जुन्या माणसांना कोणी सांगत नाही. विंडोजवर ऑल्ट दाबून धरा, माऊसचं उजवं बटण दाबून ओढा. डावी-उजवीकडे ओढलं की साइज बदलते, वर-खाली ओढलं की हार्डनेस. ओढत असताना ब्रश लाल रंगानं भरलेला दिसतो आणि त्याची कड किती विरलीय तेही दिसतं. टिपकागदावर टेकवून बघण्यासारखंच झालं. कीबोर्डवरून करायचं तर पी अक्षराच्या उजवीकडच्या दोन चौकोनी कंसांनी साइज कमी-जास्त होते, शिफ्टसोबत तेच दाबले की हार्डनेस. इथे एक खास आपली अडचण. अल्बमच्या कव्हरवर ‘चि.’ आणि ‘चि. सौ. कां.’ टाइप करून झालं आणि कीबोर्ड मराठीतच राहिला, तर इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डच्या मांडणीत त्यातली एक कळ ‘ड’ची असते आणि दुसरी नुक्त्याची. ब्रश ढिम्म हलत नाही. कीबोर्ड खराब झाला म्हणून मी एकदा दुकानातून नवा मागवला होता. विंडोजची कळ आणि स्पेसबार दाबून इंग्रजीवर या, एवढंच.

आता घाटावरच्या पायऱ्या. तुमचे डोळे ठीक आहेत. (चाळिशीचा नंबर मात्र काढून घ्या, मीही उशीरच केला होता.) ब्रशची कड काढायची एक जुनी रीत म्हणजे खालच्या रंगाच्या उलट रंगात काढायची. पांढऱ्यावर काळी, काळ्यावर पांढरी, म्हणजे कुठेही दिसावी. पण शून्य ते २५५ या मोजपट्टीवर १२८ चा करडा घ्या आणि उलटा करा, येतो १२७. करड्यावर करडी रेषा कोणाला दिसणार? आपला नाशिकचा दगड नेमका या अडचणीत सापडतो. काळाराम मंदिराची भिंत असो की रामकुंडाच्या पायऱ्या, उन्हात एक्स्पोजर नीट पडलं की काळा दगड फोटोत मधल्या करड्यावर येतो. त्यात फोर-के मॉनिटरवर सगळ्या रेषा आधीच बारीक.

यावर मी दोन गोष्टी करते. एक, त्याच कर्सर्सच्या पानावर गोलाच्या मधोमध अधिक चिन्ह दाखवायचा पर्याय आहे, तो लावते. कड हरवली तरी मध्य सापडतो. दुसरी गोष्ट, सगळ्यात वर कर्व्हजचा, म्हणजे उजेड-अंधार कमीजास्त करणारा, एक लेयर (थर) टाकते आणि फोटो मुद्दाम गडद करून ठेवते. दगड काळा पडतो, गोल उठून दिसतो, आणि एरवी न दिसणारे धुळीचे ठिपकेही वर येतात. काम झालं की लेयर काढून टाकायचा. फक्त क्लोन स्टॅम्प (एका जागेचा तुकडा उचलून दुसरीकडे उमटवणारं साधन) वापरत असाल तर वरच्या पट्टीत सॅम्पल ‘करंट अँड बिलो’ ठेवा. ‘ऑल लेयर्स’ राहिलं तर तो गडद केलेला दगडच उचलला जातो आणि लेयर काढल्यावर पायरीवर काळी ठिगळं दिसतात.

अजून एक. तुमच्याकडे पुढेमागे लाइटरूम क्लासिक हे फोटो सुधारायचं दुसरं सॉफ्टवेअर येईलच. तिथे ब्रशला एकात एक असे दोन गोल दिसतील. आतल्या गोलापर्यंत पूर्ण जोर, तिथून बाहेरच्यापर्यंत विरणं. मला ते जास्त प्रामाणिक वाटतं. पण तिथे झूम केलं तरी गोल पडद्यावर तेवढाच राहतो, म्हणजे फोटोच्या मानानं ब्रश लहान होतो. फोटोशॉपमध्ये झूमबरोबर गोलही मोठा होतो. दोन्हींत आलटूनपालटून काम करणाऱ्याचा पहिला आठवडा यातच जातो.

प्रश्न : मी नवीन पेन टॅब्लेट घेतलाय. पेन टेकवून थांबले की त्याच्याभोवती एक भलताच गोल येतो आणि स्ट्रोक उशिरा सुरू होतो. शिवाय गोल काढायला गेले की लंबगोल येतो. माऊसच बरा होता का?
– एक विद्यार्थिनी, देवळाली कॅम्प

उत्तर : माऊसवर परत जाऊ नकोस गं. तो भलता गोल फोटोशॉपचा नव्हे, विंडोजचा आहे. पेन दाबून धरलं म्हणजे तुला उजवं क्लिक हवंय असं त्याला वाटतं. कंट्रोल पॅनेलमध्ये ‘पेन अँड टच’ उघड, ‘प्रेस अँड होल्ड’च्या सेटिंग्जमध्ये जा आणि उजव्या क्लिकची खूण काढ. विंडोज इंक (विंडोजची पेनसाठीची सोय) हेच बंद कर असंही कोणी सांगेल. ते आधी करू नकोस, फोटोशॉपमधलं पेनचं प्रेशर जाऊ शकतं.

लंबगोलासाठी हातातली एक बांगडी काढून टॅब्लेटवर ठेव आणि तिच्या आतून पेन फिरव. पडद्यावर अंडं आलं तर टॅब्लेटचा आकार आणि स्क्रीनचा आकार जुळत नाहीत. टॅब्लेटच्या ड्रायव्हरमध्ये मॅपिंगखाली प्रमाण राखायचा पर्याय असतो, तो लाव. टॅब्लेटची थोडी जागा वाया जाईल, जाऊ दे. आणि पेन टॅब्लेटच्या डाव्या कोपऱ्यात टेकवलं की कर्सर पडद्याच्याही डाव्या कोपऱ्यात जातो. माऊससारखं उचलून पुन्हा ठेवायची गरज नसते. हे अंगात मुरायला मला तीन आठवडे लागले होते, त्यातला पहिला नुसता चिडचिडीत गेला.

प्रश्न : माझ्या ब्रशचा गोल अचानक गेला आणि नुसतं अधिकचं चिन्ह राहिलं. दोनदा सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. काही फरक नाही.
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : कॅप्स लॉक चालू आहे. बंद करा.