नातवालाच सारखं का लागतं?

प्रश्न : ताई, आम्ही इंदूरला सुदामा नगरात राहतो. नातू आणि नात जुळे, साडेतीन वर्षांचे. घर तेच, खेळणी तीच, तरी नातवाचा रोज कधी गुडघा फुटतो तर कधी कपाळ, नातीला क्वचितच लागतं. मी म्हणते मुलगे असेच असतात, सून म्हणते आई, तुम्हीच त्याला चढवून ठेवता. खरं काय?
– एक आजी

उत्तर : आजी, तुमचं अगदीच चूक नाहीये, पण मी सुनेच्या बाजूने आहे. मुलग्यांना जास्त लागतं हे जगभर दिसतं, २००८ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालात तर १५ वर्षांखालच्या मुलग्यांचे अपघाती मृत्यू मुलींपेक्षा सरासरी २४ टक्के जास्त आहेत. मुलगे धावपळ जास्त करतात, विचार न करता उडी मारतात, आणि जरा मोठे झाले की लागलं तरी 'नशीब खराब होतं' म्हणून परत तेच करतात, हे कॅनडाच्या मानसशास्त्रज्ञ बार्बरा मोरोंजिएलोंनी अभ्यासून दाखवलंय.

पण त्यांनीच हेही पाहिलं की बगीच्यातल्या खांबावरून घसरायला शिकवताना आईवडील मुलीला जास्त सांभाळतात, जप म्हणतात, हात धरतात, आणि मुलाला मात्र तुझं तू कर म्हणून सोडतात. अमेरिकेत २००० साली ११ महिन्यांच्या रांगत्या बाळांच्या आयांना विचारलं, बाळ किती उतारावरून उतरेल? मुलांच्या आयांनी जास्त सांगितलं, मुलींच्या आयांनी कमी, आणि प्रत्यक्षात मुलंमुली सारखीच निघाली! म्हणजे बाळ चालायच्या आधीच आपण ठरवून मोकळे.

म्हणून नातू फिसलपट्टीवर उलटा चढला की 'वा रे माझा वाघ' म्हणू नका प्लीज, ते त्याला पक्कं लक्षात राहतं. लागल्यावर नुसतं 'काही नाही झालं, मुलगे रडत नाहीत' पण नको, कशामुळे पडलास ते त्यालाच विचारा, साडेतीन वर्षांचं पोर बरोबर सांगतं. आणि संक्रांतीला पतंग उडवायला सगळे छतावर जातात तेव्हा एका मोठ्या माणसाने पतंग न बघता फक्त त्याच्याकडे बघायचं, अगदी हाताच्या अंतरावर राहून, कारण या वयात नुसतं ओरडून काही होत नाही.

नातीला मात्र इतकं थांबवू नका, तिलाही चढू द्या, तोल सांभाळणं चढूनच येतं. तिच्यासाठी काळजी करायचीच तर स्वयंपाकघरात करा, जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच अहवालात भाजणं ही एकच गोष्ट आहे जिथे मुली पुढे आहेत, आणि 'आजीला मदत करते' म्हणून गॅसजवळ तीच उभी असते ना?