दुपारी दोन ते पाच

प्रश्न : ताई, एसटीत ३० वर्षं वाहक होतो. मे महिन्यात ५८ पूर्ण झाली आणि निवृत्त झालो. पहाटे चारला आपोआप जाग येते, दहापर्यंत सगळं आटोपतं, मग दिवस खायला उठतो. दुपारी पारावर पत्ते खेळतो, आता पैसेही लावतो. तंबाखू दुप्पट झाली. रात्री एकपर्यंत मोबाइल. पत्त्यांत साडेआठ हजार गेले, ते बायकोला सांगितलेलं नाही. वेळ कसा घालवू?

उत्तर : दादा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुम्हाला अख्खा दिवस छळत नाही. सकाळ निभते, संध्याकाळी घर भरलेलं असतं. घात होतो तो दुपारी दोन ते पाचमध्ये. पत्ते तेव्हाच, तंबाखूच्या जास्तीच्या पुड्याही तेव्हाच. म्हणून आधी तेवढ्याच तीन तासांचं बघू.

लोक तुम्हाला छंद लावून घ्या म्हणतील. मला ते पटत नाही. छंदाला दांडी मारली तर कुणी विचारत नाही. तुमचं आयुष्य गेलं ड्यूटीवर. वेबिल, तिकिटाचं मशीन, मुक्कामी गाडी. तुम्ही पोचला नाहीत तर गाडी हलायची नाही. तसंच कुणीतरी वाट पाहत असेल असं काम तुम्हाला हवं.

एक सुचवते. तुमच्यासारखे ईपीएस-९५ची, म्हणजे पीएफ कार्यालयाकडून मिळणारी पेन्शन घेणारे कितीतरी जण हयातीच्या दाखल्यासाठी हेलपाटे घालतात. म्हातारपणी बोटांचे ठसे उमटत नाहीत, मशीन नाही म्हणतं. हा दाखला आता साध्याशा स्मार्टफोनवर चेहरा दाखवून निघतो. ‘जीवन प्रमाण’ आणि ‘आधार फेस आरडी’ ही दोन ॲप, आधार क्रमांक, पीपीओ (पेन्शनच्या आदेशाचा) क्रमांक, बँक खातं आणि ओटीपीसाठी मोबाइल जवळ हवा. उजेडात बसवायचं, कॅमेऱ्याकडे बघून पापण्यांची उघडझाप करायला सांगायचं. ईपीएसवाल्यांना तो वर्षात केव्हाही देता येतो आणि दिल्यापासून वर्षभर चालतो, म्हणजे काम बारमाही आहे. आधी स्वतःचा काढा. मग डेपोतल्या जुन्या सहकाऱ्यांना निरोप द्या : मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी अडीचला अमुक ठिकाणी बसतो, कागद घेऊन या. ओटीपी त्यांच्यासमोरच टाका आणि कुणाचे कागद घरी आणू नका. उरलेल्या दुपारी वाचनालयात किंवा शाळेत विचारा. हिशेबाला पक्का आणि माणसांना न कंटाळणारा माणूस त्यांनाही हवाच असतो.

पारावर ‘नुसता बसेन, खेळणार नाही’ हे जमत नाही. काही महिने दुपारी तिकडची वाटच बदला. मित्रांना स्पष्ट सांगा. ते चेष्टा करतील, करू द्या. खिशात चहापुरतेच पैसे ठेवा आणि गेलेले परत मिळवायला एकही डाव मांडू नका.

तंबाखूची तलफ काही मिनिटांत ओसरते. तेवढ्यात पाणी प्या, बडीशेप चघळा, चार पावलं चाला. एकट्याने सुटत नसेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, तिथे समुपदेशक बोलतात. मोबाइल रात्री दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा. हे सगळं करूनही दोन आठवडे मन उदासच राहिलं, झोप आणि भूक गेली, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ वर फोन करा. तो चोवीस तास सुरू असतो, मराठीतही बोलता येतं.

वहिनींचंही थोडं. दुपार ही इतकी वर्षं त्यांची एकट्यांची होती. तुम्ही घरात बसून त्यांना दर तासाला चहा मागितलात तर त्यांची चिडचिड रास्त आहे. आठवडी बाजार तुमच्याकडे घ्या, भाव करायला तुम्हाला शिकवावं लागणार नाही.

साडेआठ हजारांचं मात्र याच आठवड्यात सांगून टाका. जेवणं झाल्यावर, टीव्ही बंद करून, पूर्ण आकडा सांगा. निम्मा सांगून बाकीचा मागे ठेवू नका. त्या रागावतील. तेव्हा मित्रांचं, नशिबाचं नाव घेऊ नका. पेन्शन आली की दर महिन्याला किती बाजूला टाकणार, ते आधीच कागदावर मांडून त्यांच्या हातात द्या.