चार फुटांवरचा ‘च’

“सरावात सगळं जमतं हो मॅडम, नेमका स्पर्धेतच हात आखडतो.” हे वाक्य मी गाण्याच्या स्पर्धेला उभ्या राहणाऱ्या मुलीकडून ऐकलंय, एमपीएससीच्या मुलाखतीला तिसऱ्यांदा निघालेल्या तरुणाकडून ऐकलंय, कबड्डीपटूंकडून तर कितीदा तरी. आज गोल्फ खेळणाऱ्या एका मुलाबद्दल लिहिते, कारण त्याच्या खेळात हा आखडलेला हात अक्षरशः इंचांत मोजता येतो. लिहायला त्याची परवानगी आहे. ओळखीचे तपशील बदलले आहेत.

तो पुण्याचा, तेवीस वर्षांचा. वडील गोल्फ कोर्सवर कॅडी, म्हणजे खेळाडूंच्या बॅगा वाहणारे. याला व्यावसायिक स्पर्धा खेळायच्या होत्या, त्यासाठी पात्रता फेरीतून कार्ड, म्हणजे त्या स्पर्धांत खेळण्याचा परवाना, मिळवायचं होतं. लांबचे फटके सुरेख. अडायचं ते पटिंगला, म्हणजे ग्रीनवरून, होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवरून, चेंडू सव्वाचार इंचांच्या होलमध्ये घालायला. तीनशे यार्डांचा फटका आणि दोन फुटांचा पट, स्कोअरकार्डावर दोन्ही एकेकच मोजले जातात. पार 72 च्या, म्हणजे 72 फटक्यांत पुरा व्हावा अशा अठरा होलच्या कोर्सच्या हिशेबात प्रत्येक होलला दोन, असे निम्मे फटके पटिंगचेच धरलेले असतात. त्यामुळे चार फुटांवर हात आखडणाऱ्या खेळाडूचं बाकीचं कौशल्य वाया जातं.

दोन वर्षांत त्याने तीन पटर, म्हणजे पटिंगच्या काठ्या, बदलले होते, हातांची पकड चार वेळा. त्यात गैर काही नाही. बर्नहार्ड लँगरसारख्या मोठ्या खेळाडूनेही याच त्रासापायी पकडी बदलल्या आणि 1985 व 1993 मध्ये मास्टर्स ही गोल्फमधली मानाची स्पर्धा जिंकली. पण पकड हे कोचचं काम. मला ऐकायचं होतं, चेंडूवर उभं राहिल्यावर हा स्वतःशी काय बोलतो.

“काहीच नाही. मन ब्लँक असतं,” पहिल्या दोन भेटींत हेच उत्तर.

तिसऱ्या भेटीला मी त्याला पटर घेऊन यायला सांगितलं. खोलीतल्या पातळ कार्पेटवर स्टीलचा पेला आडवा ठेवला, चार फुटांवर चेंडू. दहापैकी दहा आत. पेल्याचा टण् आवाज, त्याचं हसू. मग म्हटलं, “आता हा शेवटचा होल. पडला तर कार्ड, नाही तर पुढचं वर्ष. बाबा बॅग घेऊन मागे उभे आहेत.”

हसू गेलं. बोटांची पेरं पांढरी पडली. चेंडू पेल्याच्या काठाला लागून टेबलाखाली गेला.

“मारण्याआधी काय म्हणालास? शब्द न् शब्द सांग.”

बराच वेळ तो टेबलाखालच्या चेंडूकडे बघत राहिला. “हा पडलाच पाहिजे.”

“आणि आधीच्या दहांना?”

“तेव्हा... कार्पेटला उजवीकडे जरा उतार आहे, एवढंच.”

मी कागदावर दोन ओळी लिहिल्या. ‘हा पडावा.’ ‘हा पडलाच पाहिजे.’ कागद त्याच्यासमोर सरकवला आणि गप्प बसले. त्याचं बोट दुसऱ्या ओळीवरून फिरत ‘च’वर थांबलं.

“नाही पडला तर?” मी विचारलं.

“तर बाबांनी अठ्ठावीस वर्षं लोकांच्या बॅगा वाहिल्या, त्या फुकट.” आणि तो रडला.

त्या क्षणी मला जे दिसलं ते मी आजवर विसरलेली नाही. शेहेचाळीस ग्रॅमही नसलेल्या चेंडूवर या मुलाने अठ्ठावीस वर्षं ठेवली होती. मनगट हलणार कसं? मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडायला घेतलेल्या विवेकनिष्ठ विचारावर माझी सारी बैठक आहे: इच्छा माणसाला बळ देते, इच्छेचा हुकूम झाला की तोच माणसाला बांधतो. मराठीत तर हा हुकूम एका अक्षरात मावतो. ते अक्षर ऐकायला माझा कान आता सरावलाय, याचं मला समाधान आहे.

त्याची शंका रास्त होती. “च काढला तर मी ढिला पडेन ना?” नाही. ‘पडावा’ असं जीव तोडून वाटू दे, तासन् तास सराव कर. फक्त न पडण्याची शक्यता मान्य कर. त्याने भिंतीवर ‘पडणारच!’ लिहून ठेवलं होतं, तेही मी काढायला लावलं. सकारात्मक विचाराच्या नावाखाली तिथेही ‘च’च बसलेला असतो. मग त्याला विचारलं, आठ फुटांवरून जगातले अव्वल व्यावसायिक किती पट घालतात? तो म्हणाला, नव्वद टक्के. खरं तर साधारण निम्मे. कोचकडे खात्री करून आला आणि बराच वेळ गप्प होता.

गृहपाठ अवघड दिला. मित्रांबरोबरच्या राउंडमध्ये, जिथे काही पणाला नाही तिथे, तीन फुटांचा एक पट सगळ्यांदेखत मुद्दाम चुकवायचा. दोन रविवार त्याला जमलं नाही. तिसऱ्या रविवारी चुकवला. सोबतचा म्हणाला, “चल, पुढचा टी,” आणि बॅग उचलून पुढच्या होलकडे चालू लागला.

वडिलांनाही एकदा बोलावलं. मुलाचं अठ्ठावीस वर्षांचं गणित ऐकून ते चकित झाले. “मला पहाटेचं ते गवत आवडतं, म्हणून जातो मी. यानं कधी विचारलंच नाही.” असे न विचारलेले हिशेब मला घरोघरी दिसतात. आईवडिलांनो, ‘तुझ्यासाठी एवढं केलं’ हे तुम्ही म्हणत नसलात तरी मूल ते ऐकत असतं. एकदा समोर बसवून तुमची बाजू सांगा. आणि खेळाडूंनो, हात सरावातही, एकटे असतानाही झटके देत असेल किंवा लिहिताना वाकडा होत असेल, तर आधी मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवा. तिथे नुसतं बोलून भागत नाही.

पात्रता फेरीच्या पहिल्याच दिवशी, पाचव्या होलला, तो तीन फुटांचा पट चुकला. संध्याकाळी फोन आला. चुकल्याचं त्याने एका वाक्यात सांगितलं. मग दहा मिनिटं तो सहाव्या होलच्या ग्रीनबद्दल बोलत होता: उतार कुठून कुठे होता, गवत कुठल्या बाजूला झुकलं होतं, आणि बाबांनी दाखवलेली रेघ कशी बरोबर निघाली.