एफ५ दाबलं आणि प्रोग्राम निघून गेला

प्रश्न: मी अर्धा दिवस एक्लिप्समध्ये जावाचं काम करते आणि अर्धा दिवस व्हीएस कोडमध्ये नोडचं. डिबगरमध्ये, म्हणजे प्रोग्राम मध्येच थांबवून ओळीओळीने तपासताना, एक्लिप्समध्ये फंक्शनच्या आत शिरायचं तर एफ५, पण व्हीएस कोडमध्ये तेच एफ५ दाबलं की थांबलेला प्रोग्राम सुटतो आणि पुढे निघून जातो. रोज एकदा तरी होतंच. शॉर्टकट बदलून घ्यावेत असं वाटतंय, पण कुठले बदलू, किती बदलू आणि कशावरून ठरवू?

उत्तर: यात तुमची चूक काहीच नाही, प्रत्येकाची मांडणीच वेगळी आहे. एक्लिप्समध्ये एफ५ म्हणजे आत, एफ६ म्हणजे पुढची ओळ, एफ७ म्हणजे बाहेर आणि एफ८ म्हणजे चालू, म्हणजे थांबलेला प्रोग्राम पुढे सोडणं. व्हीएस कोडने मोठ्या व्हिज्युअल स्टुडिओची पद्धत घेतलीय, तिथे एफ१० पुढची ओळ, एफ११ आत, शिफ्ट एफ११ बाहेर आणि एफ५ चालू. इंटेलिजे या जावाच्या एडिटरमध्ये आणखी तिसरं, एफ७ आत आणि एफ८ पुढची ओळ, टर्बो सी वापरलेल्यांना हे ओळखीचं वाटेल कारण तिथेही एफ७ आणि एफ८ याच कामाला होते. आता एफ८ हे एकच बटण बघा, इंटेलिजेमध्ये त्याने एक ओळ पुढे जातं, आणि एक्लिप्समध्ये किंवा क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये त्याच बटणाने प्रोग्राम सुटतो.

एडिटरमध्ये चुकीचा शॉर्टकट दाबला तर कंट्रोल झेड आहे, डिबगरमध्ये बहुतेक वेळा नाही. मी एकदा असा बग शोधत होतो जो प्रोग्राम चाळीसेक मिनिटं चालल्यावरच दिसायचा, अखेर ब्रेकपॉइंटवर, म्हणजे थांबण्यासाठी खूण केलेल्या ओळीवर, थांबला, इंटेलिजेमध्ये एफ८, एफ८, एफ८ करत नेमक्या त्या ओळीच्या दोन ओळी आधी पोचलो आणि बोट एफ९ वर पडलं. एफ९ म्हणजे चालू. पुन्हा चाळीस मिनिटं. तेव्हापासून मी शॉर्टकट निवडताना लक्षात ठेवायला सोपा कुठला हे नंतर बघतो, आधी बघतो की शेजारचं बटण चुकून दाबलं गेलं तर काय गमावेन. शॉर्टकट ठरवायची खरी कसोटी ही आहे असं माझं ठाम मत आहे.

म्हणून सगळं बदलू नका. दिवसभरात खरोखर बोटांखाली असतात ती चार-पाचच कामं: पुढची ओळ, आत, बाहेर, कर्सरपर्यंत चाल, आणि ब्रेकपॉइंट लावणं-काढणं. यातलं पुढची ओळ सर्वात जास्त वेळा दाबलं जातं, तेव्हा सर्वात सोयीची जागा त्याला. आत आणि बाहेर त्याच्या आजूबाजूला असले तरी चालतं, कारण चुकून आत शिरलात तर बाहेर येता येतं. पण चालू आणि बंद ही दोन बटणं या घोळक्यापासून लांब हवीत. व्हीएस कोडमध्ये एफ५ चालू, शिफ्ट एफ५ बंद आणि कंट्रोल शिफ्ट एफ५ पुन्हा सुरू, म्हणजे तीन अगदी वेगळ्या परिणामांची कामं एकाच बटणावर, हे मला कधीच पटलेलं नाही.

तुमच्या बाबतीत मी एक्लिप्सची मांडणी व्हीएस कोडमध्ये नेईन, पण फक्त डिबगरपुरती. अख्खा कीमॅप, म्हणजे सगळ्या शॉर्टकटचा संच, आणणारं एक्स्टेंशन घेऊ नका, त्याने एडिटिंगचे शॉर्टकटही बदलतात आणि मग ओळ डिलीट करायलाही शोधाशोध. कंट्रोल के, मग कंट्रोल एस दाबा, मॅकवर कंट्रोलच्या जागी कमांड, शॉर्टकटची यादी उघडते. त्यात स्टेप ओव्हर, म्हणजे पुढची ओळ, शोधा, डबल क्लिक करा, एफ६ दाबा, एंटर. तसंच स्टेप इनटूला, म्हणजे आत, एफ५ आणि स्टेप आउटला, म्हणजे बाहेर, एफ७.

आता त्या यादीतला व्हेन नावाचा कॉलम नीट बघा, सगळी गंमत तिथे आहे. शॉर्टकट कोणत्या परिस्थितीत लागू व्हावा ती अट तिथे असते. स्टेप ओव्हरच्या रांगेत प्रोग्राम थांबलेला असेल तरच अशी अट आधीच लिहिलेली दिसेल, तीच अट बाकीच्या रांगांनाही द्या, उजवी क्लिक करून ती बदलता येते. मग काय होतं, एफ६ मुळात व्हीएस कोडमध्ये चालता प्रोग्राम थांबवायला असतं, ते तसंच राहतं, आणि प्रोग्राम थांबला की तेच एफ६ पुढच्या ओळीवर नेतं. एफ५ नेही डिबगिंग सुरू करता येतं आणि थांबलेलं असताना आत शिरता येतं. तुमचे नियम कीबाइंडिंग्जच्या जेसन फाइलमध्ये लिहिले जातात आणि एडिटर नियम खालून वर वाचतो, जो आधी जुळला तो लागू, म्हणून तुम्ही लिहिलेलं मूळ सेटिंगच्या वर चढतं. जुना नियम काढायचा असेल तर त्या फाइलमध्ये कमांडच्या नावाआधी वजाचं चिन्ह दिसेल, ते चुकून आलंय समजून पुसू नका.

राहिलं चालू. एक्लिप्समध्ये ते एफ८ वर, म्हणजे एफ७ च्या अगदी शेजारी. मी दोन्हीकडे त्याला जोडबटण लावून लांब नेईन, जेणेकरून ते दाबायला मुद्दाम दोन बोटं लागतील. कुठलं जोडबटण ते मोकळी जागा बघून ठरवा, एक्लिप्समध्ये कंट्रोल एफ८ आधीच पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे खिडक्यांची मांडणी, बदलायला दिलेलं आहे. तिथे कंट्रोल शिफ्ट एल दोनदा दाबलं की कीजचं पान उघडतं, त्यातही व्हेन आहे आणि त्यात डिबगिंगचा वेगळा पर्याय मिळतो.

कर्सरपर्यंत चाल हे मात्र जरूर जवळ करा, लूपमध्ये अडकून तीसदा एफ६ दाबणाऱ्यांना हे एकच बटण हवं असतं. एक्लिप्समध्ये ते कंट्रोल आर, इंटेलिजेमध्ये आल्ट एफ९, व्हीएस कोडमध्ये उजव्या क्लिकच्या मेनूत रन टू कर्सर आहे, त्याला स्वतः एक बटण द्या. आणि जावासाठी एक्लिप्समधलं ड्रॉप टू फ्रेम शोधून ठेवा, चुकून पुढे गेलात तर चालू मेथडच्या सुरुवातीला परत नेतं. ऑब्जेक्टमध्ये किंवा फाइलमध्ये तोवर जे बदललं ते मात्र परत येत नाही, तेवढं ध्यानात असू द्या.

प्रश्न: शॉर्टकट नीट सेट केला, यादीत दिसतोय, पण दाबलं की काहीच होत नाही किंवा भलतंच होतं. इंटेलिजेमध्ये आल्ट एफ८ दाबलं तर खिडकीच लहानमोठी व्हायला लागते. लिनक्स आहे.

उत्तर: तुमचं बटण इंटेलिजेपर्यंत पोचतच नाहीये. ग्नोम या लिनक्सच्या डेस्कटॉपमध्ये आल्ट एफ८ खिडकीचा आकार बदलायला असतं आणि डेस्कटॉप ते आधीच उचलतो. ग्नोमच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये जाऊन ते तिथून काढा, कारण इंटेलिजेमध्ये आल्ट एफ८ ने उघडणारी एक्स्प्रेशन तपासायची खिडकी डिबगिंगमध्ये सोन्यासारखी आहे आणि माउसने खिडकीचा आकार तसाही बदलता येतो. मॅकवाल्यांचं हेच दुखणं एफ११ ला, आत शिरायला जावं तर सगळ्या खिडक्या बाजूला होऊन डेस्कटॉप दिसतो. लॅपटॉपवर तर वरची रांग मुळात आवाज आणि ब्राइटनेससाठीच असते, मॅकच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये ती साध्या एफ बटणांसारखी वापरायचा पर्याय आहे, आणि बऱ्याच विंडोज लॅपटॉपवर एफएन आणि एस्केप एकत्र दाबलं की ती रांग लॉक होते. व्हीएस कोडमध्ये असा घोळ झाला तर कमांड पॅलेटमधून शॉर्टकट ट्रबलशूटिंग सुरू करा, कुठलं बटण दाबलं गेलं आणि कुठला नियम लागला ते तो एकेक करून लिहून दाखवतो. तिथे बटणाची नोंदच दिसली नाही तर समजायचं की ते वाटेतच कुणीतरी घेतलं.

प्रश्न: मी टर्मिनलमध्येच जीडीबी आणि पायथनचं पीडीबी हे डिबगर वापरतो. तिथेही शॉर्टकट ठरवता येतात का?

उत्तर: येतात, आणि तिथे तर एका अक्षरात काम होतं. दोन्हींमध्ये एन म्हणजे पुढची ओळ, एस म्हणजे आत, सी म्हणजे चालू. नुसतं एंटर दाबलं की आधीची कमांड पुन्हा चालते, त्यामुळे एकदा एन आणि मग एंटर, एंटर. पण सी दिल्यावर हाच एंटर धोक्याचा, प्रोग्राम पुढच्या ब्रेकपॉइंटवर थांबला आणि सवयीने एंटर गेला की पुन्हा सुटला. जीडीबीच्या टीयूआय पडद्यात, म्हणजे टर्मिनलमध्येच कोड दाखवणाऱ्या मांडणीत, कंट्रोल एक्स, मग एस दाबलंत तर एंटरचीही गरज उरत नाही, नुसतं अक्षर पुरतं, डब्ल्यूने कॉल स्टॅक, म्हणजे कुठल्या फंक्शनमधून कुठे आलो ती यादी, आणि व्हीने लोकल व्हेरिएबल दिसतात. स्वतःच्या कमांड हव्या असतील तर जीडीबीला जीडीबीइनिट फाइल आणि पीडीबीला पीडीबीआरसी, त्यात एकदा लिहून ठेवायच्या.

जीडीबीमध्ये ७.० पासून, म्हणजे २००९ पासून, मागेही जाता येतं. आधी रेकॉर्ड सुरू करा, मग आरएन दिलं की एक ओळ मागे. रेकॉर्ड चालू असताना प्रोग्राम फार हळू होतो, म्हणून ते शेवटच्या टप्प्यातच सुरू करायचं.

पीडीबीमध्ये तुमच्या व्हेरिएबलचं नाव एन असेल आणि त्याची किंमत बघायला तुम्ही एन टाइप केलंत, तर किंमत दिसत नाही, प्रोग्राम एक ओळ पुढे जातो. आधी पी लिहून जागा सोडून मग एन लिहा. आणि मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड चालू राहिला असेल तर एनच्या जागी ल उमटतो आणि जीडीबी म्हणतो अशी कमांडच नाही, तेव्हा भाषा बदलायचं बटण आधी बघा.