तीनदा वाचूनही पेपरात हात थांबतो, त्याबद्दल

तू लिहिलंयस की प्राणिशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहेस, वाळपईहून रोज कदंबाच्या बसनं पणजीला ये-जा करतेस, चौथीपर्यंत मराठी शाळेत होतीस, बारावीला ८८ टक्के मिळाले होते. आणि आता रेणवीय जीवशास्त्राचं प्रत्येक प्रकरण तीनदा वाचून, ओळी रंगवूनसुद्धा पेपरातला प्रश्न बघितला की हात थांबतो. शेवटी विचारलंस, ‘ताई, मी या विषयाला लायकच नाही का?’ त्या शेवटच्या ओळीसाठी मी हे एवढं लांब लिहायला बसलेय.

लायक आहेस. तुझी अभ्यासाची पद्धत बारावीचीच राहिली आणि प्रश्न मात्र बदलले, एवढंच झालंय.

बारावीला विचारतात, डीएनएची प्रत कशी तयार होते? ते उत्तर पुस्तकात छापलेलं असतं. तिसऱ्या वर्षी विचारतात, जड नायट्रोजनवर, म्हणजे नायट्रोजन-१५ वर वाढवलेले जीवाणू साध्या नायट्रोजन-१४ मध्ये टाकले, तर तीन पिढ्यांनंतर त्यांचा डीएनए नळीत वेगानं फिरवून घनतेनुसार वेगळा केल्यावर किती पट्टे दिसतील आणि कोणत्या प्रमाणात? हे कुठे छापलेलं नसतं, ते आपण काढायचं असतं. आणि काढता येण्यासाठी मेसेल्सन आणि स्टाल या शास्त्रज्ञांनी हाच प्रयोग करताना १९५८ साली काय केलं, हे पाठ असून भागत नाही. त्यांनी तसंच का केलं, हे कळावं लागतं.

तेव्हा तीन शक्यता समोर होत्या. डीएनएचा जुना, दोन धाग्यांचा रेणू अखंड राहतो आणि नवा वेगळा बनतो; किंवा जुना एक धागा आणि नवा एक धागा अशी जोडी बनते; किंवा जुन्या-नव्याचे तुकडे दोन्ही रेणूंत मिसळतात. आता वही मिटून कोऱ्या कागदावर तिन्ही शक्यतांच्या नळ्या काढ. पहिल्या पिढीत एकच पट्टा मधोमध आला, तिथे पहिली शक्यता बाद झाली, कारण ती खरी असती तर एक जड आणि एक हलका असे दोन पट्टे आले असते. पण तिसरी शक्यता अजून उभी आहे! ती दुसऱ्या पिढीत पडली. मधला पट्टा आणि हलका पट्टा निम्मे-निम्मे आले. तुकडे मिसळत असते तर एकच पट्टा हळूहळू वर सरकला असता. इतकं हातानं काढलंस की तिसऱ्या पिढीचं उत्तर आपोआप येतं: एक चतुर्थांश मधला, तीन चतुर्थांश हलका. पाठ करायला काही उरतच नाही.

प्रत्येक धड्याला हेच विचार: हे त्यांना कळलं कसं? दुसरं काय असू शकलं असतं? ते का बाद झालं? पाठ्यपुस्तकातली जी आकृती आपण घाईत ओलांडतो, तिच्यातच बहुतेक वेळा हे उत्तर असतं. आधी आकृती बघ, अक्षावर काय आहे ते मोठ्यानं म्हण, मगच परिच्छेद वाच.

मला हे फार उशिरा कळलं. दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेत लॅक ऑपेरॉनवर, म्हणजे लॅक्टोज ही साखर पचवायला लागणाऱ्या जीवाणूतल्या जनुकांच्या गटावर, दहा गुणांचा प्रश्न होता. मी तीन पानं लिहिली, आकृतीसकट, आणि शून्य मिळालं. प्रश्न होता अंशतः द्विगुणित जीवाणूंचा: एकाच पेशीत त्या जनुकांच्या दोन प्रती, एकीत रिप्रेसरचं (ती जनुकं बंद ठेवणाऱ्या प्रथिनाचं) जनुक बिघडलेलं, दुसरीत ऑपरेटर (ते प्रथिन जिथे बसतं ती डीएनएवरची जागा) बिघडलेला, तर विकर (एन्झाइम) कधी बनेल? मला लॅक ऑपेरॉन ‘येत’ होता, पण तो बिघडला तर काय होईल हे मी कधी विचारलंच नव्हतं. सुट्टीत गावी बांधावरून चालताना ते उलगडलं, आणि आजही मी मुलांना तसंच सांगते.

समज, शेजारी-शेजारी दोन खाजनं, म्हणजे खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेली शेतं आहेत. प्रत्येकाला एक मानस (बांधातली दार असलेली पाण्याची वाट) आणि एक राखणदार. (खरी मानसाची दारं भरतीच्या रेट्यानं आपोआप मिटतात, पण इथे राखणदारच दार लावतो असं धर.) पाणी वाहणं म्हणजे विकर बनणं. ऑपरेटर म्हणजे मानसाचं दार. ते फक्त आपल्याच खाजनाचं पाणी अडवतं. रिप्रेसर म्हणजे राखणदार. तो बांधावरून चालत शेजारच्या खाजनाचंही दार लावू शकतो. एका खाजनाचा राखणदार नसला तरी शेजारचा येऊन दार लावील. पण दारच मोडलेलं असेल तर दहा राखणदार आले तरी पाणी वाहणारच, आणि तेही फक्त त्याच खाजनात. लॅक्टोज आला म्हणजे राखणदाराला कोणीतरी गुंतवून ठेवलं. फ्रान्समध्ये जाकोब आणि मोनो या शास्त्रज्ञांनी १९६१ साली मांडलेल्या तर्काचं मर्म एवढंच: पेशीत फिरणारी वस्तू कोणती आणि जागेवर खिळलेली कोणती, हे बिघाडावरून ओळखायचं.

आता भाषेचं. इंग्रजी कच्चं आहे म्हणून मागे पडते, असं तू लिहिलंस. पुस्तक इंग्रजीतून वाचायलाच हवं, त्यातून सुटका नाही. पण विचार मराठीत कर, त्यात कमीपणा काही नाही. ‘कॉन्स्टिट्युटिव्ह’ हा शब्द मी दोन वर्षं नुसता घोकला. ‘कायम चालू’ असं म्हटलं त्या दिवशी तो माझा झाला. प्रत्येक संज्ञेसमोर तुझ्या घरच्या बोलीतलं एक वाक्य लिही. पेपरात उत्तर छोट्या, सरळ इंग्रजी वाक्यांत लिही. तर्क बरोबर असेल तर वाक्य साधं असल्यानं काही बिघडत नाही.

रंगवणं मात्र सोड. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा २००६ सालचा एक प्रयोग आहे. एका गटानं उतारा चार वेळा अभ्यासला. दुसऱ्यानं एकदा अभ्यासून तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पहिला गट पुढे होता. आठवड्यानंतर मात्र त्यांना सुमारे ४० टक्के आठवलं आणि आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. आपण फसतो ते त्या पाच मिनिटांत! वाचून झाल्या-झाल्या सगळं आल्यासारखं वाटतं. तुझा बसमधला वेळ यासाठी सोन्यासारखा आहे. सकाळी आदल्या दिवशीचं एक चित्र मनात काढ, संध्याकाळी मैत्रिणीला मराठीत समजावून सांग. जिथे अडशील, तेवढंच घरी जाऊन उघड.

विकरांच्या गणिताला घाबरू नकोस, आलेख काढ. स्पर्धक अवरोधक (विकरावरची सब्स्ट्रेटची जागा अडवणारा रेणू) असेल तर सब्स्ट्रेट, म्हणजे विकर ज्यावर काम करतं तो पदार्थ, भरपूर ओतल्यावर स्पर्धक हरतो, म्हणून कमाल वेग तोच राहतो आणि केएम (निम्मा कमाल वेग गाठायला लागणारं सब्स्ट्रेटचं प्रमाण) वाढतो. सूत्र त्यानंतर.

आणि एक गोष्ट मनापासून सांगते. आपण गोव्यात शिकतो हे मोठं भाग्य आहे. परासरण (ऑस्मॉसिस) पुस्तकात वाचून झालं की रायबंदरच्या बांधावर उतर, किंवा फेरीबोटीनं चोडणला जा आणि खारफुटीसमोर उभी राहा. तिवराच्या पानावर मिठाचे कण दिसतील, कारण ते झाड पानांतल्या ग्रंथींतून मीठ बाहेर टाकतं. कांदळ बरंचसं मीठ मुळाशीच अडवतो. एकाच चिखलात उभ्या असलेल्या दोन झाडांनी एकच अडचण दोन तऱ्हांनी सोडवलीय. (चोडणच्या अभयारण्यात पान तोडू नकोस, बघूनच कळतं.) मग स्वतःला विचार: यांच्या मुळांतला जलविभव (वॉटर पोटेन्शियल; पाणी जास्त जलविभवाकडून कमीकडे जातं) समुद्राच्या पाण्यापेक्षा कमी असला पाहिजे की जास्त? आणि तो तसा ठेवायला झाड पेशीत काय साठवत असेल? मी ज्या मुलांना तिथे घेऊन गेले, त्यांना त्या प्रकरणाची भीती पुन्हा वाटलेली मी पाहिली नाही.

पुढच्या प्रवेश परीक्षांची चिंता आता नको. असा विचार करायची सवय तिथेही उपयोगी पडेल.

आजच्या रात्रीसाठी हे घे. पहिली प्रत: राखणदार नाही, दार ठीक, विकराचं जनुक ठीक. दुसरी प्रत: राखणदार आहे, दार मोडलेलं, विकराचं जनुक निकामी. लॅक्टोज नसताना कामाचं विकर बनेल का? आणि असताना? उत्तर इथेच लिही, पण नुसतं हो-नाही नको. राखणदार कुठून निघून कुठे गेला, तेही लिही.