घरभाडं जास्त, तिथं किमान वेतन जास्त का?

प्रश्न : माझा छपाईचा छोटा व्यवसाय आहे, चार कामगार आहेत. महागड्या भागांत किमान वेतन वाढवावं, अशी मागणी सारखी ऐकू येते. हद्दीपलीकडे दर कमी राहिला तर काम तिकडेच जाणार. मग सगळीकडे एकच दर का नको? – एक वाचक

उत्तर : तुमची धास्ती मी समजू शकतो. माझी नोकरीची सगळी वर्षं हजेरीपट आणि पगारपत्रकं तपासण्यात गेली, त्यामुळे चार कामगारांच्या धंद्यात दर महिन्याच्या पगाराची जुळवाजुळव कशी होते ते जवळून पाहिलं आहे. तरीही एकच दर मला मान्य नाही, आणि त्याचं कारण घरभाडं.

आपल्याकडे १९५७च्या भारतीय श्रम परिषदेनं किमान वेतनाचा हिशेब मांडला : तीन माणसांपुरतं अन्न, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडं, आणि इंधन-दिवाबत्तीसारख्या खर्चासाठी एकूण वेतनाच्या २० टक्के. सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्ये त्यात मुलांचं शिक्षण, औषधपाणी वगैरेंसाठी २५ टक्क्यांची भर घातली. यातल्या धान्याचे आणि कापडाचे भाव जागेगणिक थोडेफारच बदलतात. भाडं मात्र कित्येक पटींनी बदलतं. असं असताना वेतन संहितेच्या, म्हणजे वेतनाच्या नव्या केंद्रीय कायद्याच्या, नियमांचा जो मसुदा २०२०मध्ये निघाला, त्यात भाडं धरलंय अन्न आणि कापडाच्या खर्चाच्या १० टक्के! महानगरातल्या कुठल्या कामगाराला एवढ्यात खोली मिळते? म्हणून वाढ मागायची तर आधी या कलमात मागावी, असं माझं ठाम मत आहे.

आता तुमची हद्दीची शंका. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यानं २०१६मध्ये कायदा करून तीन दर ठरवले : पोर्टलँड महानगराला सर्वांत जास्त, ग्रामीण परगण्यांना सर्वांत कमी, बाकीच्यांना मधला. वाढही एकदम न देता दरवर्षी टप्प्याटप्प्यानं दिली. त्याच देशात दुबे, लेस्टर आणि राइक या अर्थतज्ज्ञांनी राज्यांच्या सीमेवरच्या शेजारी परगण्यांच्या जोड्या तपासल्या. २०१०च्या त्यांच्या अभ्यासात जास्त दराच्या बाजूला हॉटेलांसारख्या धंद्यांत कमाई वाढलेली दिसली, रोजगारात मात्र लक्षणीय घट आढळली नाही. पुढच्या अभ्यासात असंही दिसलं, की तिथं माणसं नोकरी सोडून जाण्याचं प्रमाण घटलं. तुमच्या दृष्टीनं ही मोठी गोष्ट आहे. मशीनवर हात बसलेला माणूस गेला की नव्याला शिकवण्यात किती वेळ आणि किती कागद वाया जातो, हे मी तुम्हाला सांगायला नको.

अर्थात, दर कितीही चढवला तरी चालेल असं यातून निघत नाही. त्या भागातल्या मधल्या कामगाराला, म्हणजे निम्मे ज्याच्याहून जास्त आणि निम्मे कमी कमावतात त्याला, जे मिळतं त्याच्याशी किमान वेतन ताडून पाहावं. निम्म्याच्या आसपास असेल तर धंदे ते सहसा पेलतात; फार वर गेलं की छोट्यांची ओढाताण सुरू होते.

एक पळवाट मात्र आधी बुजवायला हवी. माणूस राबतो महागड्या भागात आणि हजेरीपटावर त्याचं नाव स्वस्त भागातल्या शाखेत, अशी पत्रकं माझ्या हाताखालून गेली आहेत. दर कामाच्या जागेवरूनच ठरला पाहिजे. नाहीतर प्रामाणिकपणे पूर्ण पगार देणाऱ्या तुमच्यासारख्यालाच बाजारात मार खावा लागतो.

जागा हलवायचा विचार असेल, तर आधी चौघांनाही विचारा, किती जण सोबत येतील. त्यांचं उत्तर ऐकल्याशिवाय जागेच्या भाड्यातल्या बचतीचा हिशेब मांडू नका.